ऑस्ट्रेलिया : निर्वाह भत्ता, निर्बंध आणि ‘बेसिक्स कार्ड’

शासनाने गरजू नागरिकाला आर्थिक साहाय्य दिले, की तो पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरविण्याचा अधिकारही शासनाकडे जातो काय? बहुतेक कल्याणकारी राष्ट्रांत हा प्रश्न कधी ना कधी उपस्थित झाला आहे. ऑस्ट्रेलियात मात्र तो केवळ चर्चेपुरता राहिला नाही. २००७ साली तेथील सरकारने नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील ७३ आदिवासी वस्त्यांमध्ये निर्वाह भत्त्याची निम्मी रक्कम रोखून धरण्यास प्रारंभ केला. ही रक्कम अन्न, वस्त्र, घरभाडे, औषधे अशा ‘प्राधान्याच्या गरजां’वरच खर्च करता येईल, असे बंधन घालण्यात आले. या योजनेचे अधिकृत नाव ‘उत्पन्न व्यवस्थापन’ असे आहे. लोकव्यवहारात आणि वृत्तपत्रांत मात्र यासाठी भत्त्याचे ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. साथीच्या रोग्याला वेगळे ठेवण्यासाठी वापरला जाणारा शब्द पैशाला लावला गेला, यावरूनच योजनेमागील दृष्टी पुरेशी स्पष्ट होते.

आपल्याकडील शिधापत्रिकेशी या व्यवस्थेची गल्लत होऊ नये. शिधापत्रिकेवर धान्य सवलतीच्या दरात अथवा मोफत मिळते, म्हणजे ती उत्पन्नात भर घालते. ऑस्ट्रेलियातील योजनेत बेरोजगार, एकल पालक अथवा अपंग व्यक्तीला कायद्याने मिळणाऱ्या भत्त्यात एका डॉलरचीही वाढ होत नाही. रक्कम तीच राहते, तिच्या एका हिश्शाचा रोख वापर तेवढा थांबतो.

२००७ चा हस्तक्षेप

या निर्णयाची पार्श्वभूमी गंभीर होती. नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी वस्त्यांमध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाचा प्रश्न तपासण्यासाठी तेथील प्रादेशिक सरकारने ज्येष्ठ विधिज्ञ रेक्स वाइल्ड आणि आदिवासी आरोग्य क्षेत्रातील नेत्या पॅट अँडरसन यांची चौकशी समिती नेमली होती. ‘लिटल चिल्ड्रन आर सेक्रेड’ या नावाने प्रसिद्ध झालेला तिचा अहवाल जून २००७ मध्ये लोकांसमोर आला. त्यात ९७ शिफारशी होत्या. त्यानंतर काही दिवसांतच, २१ जून २००७ रोजी, पंतप्रधान जॉन हॉवर्ड आणि आदिवासी व्यवहार मंत्री मॅल ब्रफ यांनी ‘आणीबाणीच्या उपाययोजनां’ची घोषणा केली. वस्त्यांमध्ये लष्कराच्या तुकड्या पाठविण्यात आल्या, मद्यावर बंदी आली, मुलांच्या आरोग्य तपासण्या सुरू झाल्या, वस्त्यांच्या जमिनी पाच वर्षांच्या सक्तीच्या भाडेपट्ट्याने केंद्र सरकारने ताब्यात घेतल्या आणि भत्त्याची निम्मी रक्कम रोखली गेली. सरसकट भत्ते रोखण्याची शिफारस समितीने कोठेही केली नव्हती. कोणताही उपाय आदिवासी समाजाशी विचारविनिमय करूनच योजावा, असा तिचा आग्रह होता.

केंद्र सरकार हे सारे इतक्या तातडीने करू शकले, याचे कारण राज्यघटनेत आहे. नॉर्दर्न टेरिटरी हे पूर्ण राज्य नाही. आपल्याकडील केंद्रशासित प्रदेशाप्रमाणे तेथे केंद्राचा कायदा निर्णायक ठरतो. ऑगस्ट २००७ मध्ये संसदेने संबंधित विधेयके संमत केली. त्यांतील सर्वांत दूरगामी तरतूद अशी, की १९७५ चा वांशिक भेदभावविरोधी कायदा या उपाययोजनांच्या बाबतीत स्थगित करण्यात आला. निश्चित केलेल्या वस्तीत राहून भत्ता घेणारी प्रत्येक व्यक्ती योजनेच्या कक्षेत आली. तिला मुले आहेत किंवा नाहीत, ती मद्यपान करते किंवा नाही, मुलांची ती नीट काळजी घेते किंवा कसे, यांपैकी कशाचीही चौकशी आवश्यक नव्हती. आयुष्यभर मद्याला स्पर्श न केलेल्या वृद्धेचे निवृत्तिवेतनही निम्मे रोखले गेले. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक जेम्स अनाया यांनी ऑगस्ट २००९ मध्ये या प्रदेशाला भेट दिली आणि या उपाययोजना वांशिक भेदभाव करणाऱ्या असल्याचे मत नोंदविले.

जुन्या शिध्याची आठवण

आदिवासी समाजातील ज्येष्ठांना या योजनेत नवे असे फारसे काही दिसले नाही. क्वीन्सलँडमध्ये १८९७ च्या कायद्यान्वये आदिवासींसाठी ‘संरक्षक’ नेमले गेले आणि पुढे आदिवासी मजुरांचे वेतन या संरक्षकांच्या ताब्यात जाऊ लागले. स्वतःच्या कमाईतून काही खरेदी करायची तर संरक्षकाची परवानगी लागे. ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत निरनिराळ्या रूपांत टिकली. त्या रोखलेल्या वेतनासंबंधी दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात क्वीन्सलँड सरकारने २०१९ मध्ये १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याची तडजोड मान्य केली. नॉर्दर्न टेरिटरीतील पशुपालन केंद्रांवर तर मजुरीच्या मोबदल्यात मुख्यतः पीठ, चहा, साखर आणि मांस असा शिधाच मिळत असे. ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंदजी जमातीचे मजूर वेव्ह हिल येथील केंद्रातून काम सोडून बाहेर पडले, तेव्हा समान वेतन ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. पुढे या लढ्याला जमिनीच्या हक्काचे स्वरूप आले. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी दागुरागू येथे लिंगियारी यांच्या ओंजळीत मूठभर माती घालून जमीन परत केली. त्या प्रसंगाचे छायाचित्र ऑस्ट्रेलियाच्या शालेय पुस्तकांतूनही आढळते. २००७ साली जाहीर झालेल्या ७३ वस्त्यांच्या यादीत दागुरागूचाही समावेश होता.

हिरव्या कार्डाचे व्यवहार

प्रारंभी कार्ड नव्हते. सामाजिक सुरक्षा भत्त्यांचे वितरण करणाऱ्या ‘सेंटरलिंक’ या शासकीय यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन, रोखलेल्या रकमेतून किती पैसे कोणत्या दुकानाकडे वळवायचे हे सांगावे लागे. त्यासाठी दुर्गम वस्त्यांतील लोकांना शहरात येऊन तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागत असे. सप्टेंबर २००८ मध्ये ‘बेसिक्स कार्ड’ आले. गुप्त क्रमांक असलेले हे हिरव्या रंगाचे कार्ड शासनाने मान्यता दिलेल्या दुकानांतच चालत असे. मद्य, तंबाखू, अश्लील साहित्य आणि जुगार यांवर त्यातील पैसा खर्च करता येत नसे, तसेच त्यातून रोख रक्कमही काढता येत नसे.

कागदावर सोपी वाटणारी ही पद्धत दुकानाच्या गल्ल्यापाशी आल्यावर अवघड होई. कार्डात नेमकी किती रक्कम शिल्लक आहे हे ठाऊक नसल्यास खरेदी नाकारली जाई, आणि वेचलेल्या वस्तू रांगेतील सर्वांच्या देखत परत ठेवाव्या लागत. आठवडी बाजारातील स्वस्त भाजी, शेजाऱ्याकडून घेतलेला वापरलेला शीतकपाट, मुलाला शाळेच्या उपाहारगृहासाठी द्यायची चिल्लर या गोष्टी रोख पैशाने होतात, कार्डाने नव्हे. आप्तांच्या अंत्यविधीसाठी दुसऱ्या राज्यात जावे लागले आणि तेथील दुकानाला मान्यता नसली, तर स्वतःच्याच पैशाचा उपयोग होत नसे. गोऱ्या ग्राहकाच्या हाती हे कार्ड नॉर्दर्न टेरिटरीत अपवादानेच दिसे, त्यामुळे ते बाहेर काढणे म्हणजे आपण कोण आहोत हे जाहीर करण्यासारखेच होते.

याउलट, ज्यांनी कार्डाचे स्वागत केले त्यांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. आदिवासी समाजात मिळकत आप्तेष्टांत वाटून घेण्याची रीत आहे. या रीतीचा आधार घेऊन पैशासाठी सतत तगादा लावला जातो तेव्हा त्याला स्थानिक इंग्रजी बोलीत ‘हम्बग’ म्हणतात. मद्याच्या आहारी गेलेला मुलगा अथवा पुतण्या भत्त्याच्या दिवशी दारात येऊन उभा राहतो आणि त्याला नकार देणे वृद्ध स्त्रीला शक्य होत नाही. ‘पैसे कार्डात अडकले आहेत’ हे उत्तर अशा स्त्रियांच्या कामी आले. योजना पुढे ऐच्छिक स्वरूपातही उपलब्ध झाली, तेव्हा काहींनी ती आपणहून स्वीकारली. अर्थात कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक यांसाठीही तगादा लावता येतो. कार्डावर दुसऱ्याचा किराणा भरून त्याच्याकडून निम्म्या किमतीत रोकड घेण्याचे प्रकारही घडू लागले.

कायद्याचे नवे रूप

नोव्हेंबर २००७ मध्ये सत्तांतर होऊन केविन रड यांचे मजूर पक्षाचे सरकार आले. फेब्रुवारी २००८ मध्ये रड यांनी आदिवासी कुटुंबांपासून मुले हिरावून घेण्याच्या जुन्या धोरणाबद्दल संसदेत क्षमायाचना केली. भत्त्यावरील निर्बंध मात्र कायम राहिले. २०१० मध्ये सरकारने वांशिक भेदभावविरोधी कायदा पुनःस्थापित केला आणि त्याच वेळी निर्बंधांची व्याप्ती संपूर्ण नॉर्दर्न टेरिटरीपर्यंत वाढविली. आता निकष वंशाचा नव्हे, भत्त्याच्या प्रकाराचा होता. दीर्घकाळ बेरोजगार असलेले प्रौढ, शिक्षण व रोजगार या दोहोंपासून दुरावलेले तरुण, सामाजिक कार्यकर्त्याने ‘दुर्बल’ ठरविलेल्या व्यक्ती अशा श्रेणी निश्चित झाल्या. बालसंरक्षण विभागाने पाठविलेल्या पालकांचा ७० टक्के भत्ता रोखला जाई, इतरांचा ५० टक्के. स्वेच्छेने सहभागी होणाऱ्यास दर २६ आठवड्यांनी २५० डॉलरचे प्रोत्साहनपर अनुदान ठेवण्यात आले.

कायद्याच्या मजकुरातून वंशाचा उल्लेख गेला, तरी परिणाम विशेष बदलला नाही. टेरिटरीतील योजनेखालील व्यक्तींपैकी सुमारे ९० टक्के आदिवासीच राहिल्या. मुलांची शाळेतील उपस्थिती वगैरे पुरावे सादर करून सूट मिळविण्याची सोय होती, परंतु तिचा लाभ प्रमाणाच्या मानाने बिगर-आदिवासींनाच अधिक झाला. अर्ज, कागदपत्रे आणि दूरध्वनीवरील मुलाखती यांची सवय असणाऱ्याला सूट सुलभ होती, एवढाच याचा अर्थ.

फलनिष्पत्ती

योजना इतकी वर्षे चालल्यामुळे तिच्या परिणामांचा अभ्यासही पुष्कळ झाला. मेंझीस आरोग्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी दहा दुर्गम वस्त्यांतील दुकानांच्या विक्रीची आकडेवारी तपासली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तंबाखू, शीतपेये अथवा फळे व भाजीपाला यांपैकी कशाच्याही विक्रीवर या निर्बंधांचा हितकारक परिणाम दिसून आला नाही. यात आश्चर्य नाही. या वस्त्यांतील दुकानांत माल शेकडो किलोमीटरवरून येतो, पावसाळ्यात रस्ते बंद होतात, ताजी फळे मिळाली तर महाग मिळतात. ज्या दुकानात घेण्याजोगे थोडेच आहे, तेथे खरेदीदाराच्या निवडीवर बंधन घालून आहार सुधारणार तरी किती?

सरकारनेच करविलेले सर्वांत विस्तृत मूल्यमापन २०१४ मध्ये पूर्ण झाले. खर्चाच्या सवयी, मुलांचे संगोपन, मद्याचा प्रश्न यांबाबत योजनेने आपली प्रमुख उद्दिष्टे साध्य केल्याचा ठोस पुरावा आढळला नाही, असे त्यात नमूद करण्यात आले. उलट, व्यवहार दुसऱ्यावर सोपविण्याची सवय लागून शासनावरील अवलंबन वाढण्याची शक्यता त्यात व्यक्त झाली.

सर्वांत चिंताजनक निष्कर्ष पुढे आला तो डेबोरा कॉब-क्लार्क, स्टेफनी शुरर आदी अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून. योजना सर्व वस्त्यांत एकाच दिवशी लागू झाली नव्हती, टप्प्याटप्प्याने झाली होती. त्यामुळे आधी लागू झालेल्या आणि नंतर लागू झालेल्या वस्त्यांची तुलना शक्य झाली. गर्भारपणात योजनेचा अंमल सुरू झालेल्या मातांच्या अपत्यांचे जन्मवजन सरासरी १०० ग्रॅमहून अधिक घटल्याचे त्यांना दिसले. शाळेतील उपस्थितीही प्रारंभीच्या काही महिन्यांत वाढली नाही, घटली. घाईघाईने झालेल्या अंमलबजावणीमुळे कुटुंबांच्या हाती वेळेवर पैसा न येणे, त्यातून उद्भवलेली ओढाताण आणि मानसिक ताण ही संभाव्य कारणे अभ्यासकांनी मांडली. बालकांच्या संरक्षणासाठी म्हणून आखलेल्या योजनेची ही नोंद आहे, हे येथे विसरता येत नाही.

खर्चाचा हिशोबही बोलका आहे. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१३ च्या अहवालात दुर्गम भागात एका व्यक्तीमागे योजनेचा वार्षिक प्रशासकीय खर्च सुमारे ६६०० ते ७९०० डॉलर दिला होता. त्या काळी एकट्या बेरोजगार व्यक्तीला आठवड्याला मिळणारा भत्ता सुमारे २५० डॉलर होता. म्हणजे वर्षभराच्या भत्त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम, तो भत्ता कसा खर्च होतो यावर लक्ष ठेवण्यातच खर्ची पडत होती.

केप यॉर्कचा वेगळा मार्ग

क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला केप यॉर्क येथे २००८ पासून निराळी पद्धत अनुसरली गेली. तिचे प्रवर्तक आदिवासी विधिज्ञ नोएल पिअर्सन होत. हक्कांबरोबर कर्तव्येही यावीत आणि केवळ भत्त्यावर जगण्याने समाज पोखरला जातो, अशी त्यांची भूमिका. परंतु सरसकट निर्बंधांऐवजी तेथे ‘कुटुंब दायित्व आयोग’ स्थापन झाला. ऑरुकून, कोएन, होप व्हेल आणि मॉसमन गॉर्ज या वस्त्यांतील ज्येष्ठ मंडळी एका विधिज्ञ आयुक्तासमवेत बसतात. मूल शाळेत जात नाही, घराचा करार मोडला गेला, न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला, अशी सूचना आली की त्या व्यक्तीला चर्चेस बोलावले जाते. समज देणे, समुपदेशनास पाठविणे आणि त्यानेही भागले नाही तरच ठरावीक मुदतीसाठी भत्ता रोखणे, असा क्रम असतो. निर्णय घेणारे त्या कुटुंबाला नावाने ओळखतात. या प्रयोगाचेही टीकाकार आहेत, तथापि विरोधाची धार तेथे नॉर्दर्न टेरिटरीइतकी तीव्र राहिली नाही.

रोखरहित कार्ड : उदय आणि अस्त

२०१४ मध्ये खाण उद्योगपती अँड्र्यू फॉरेस्ट यांनी सरकारसाठी केलेल्या आढाव्यात याहून कठोर शिफारस पुढे आली. निवृत्तिवेतनधारक वगळता काम करण्याच्या वयातील बहुतेक सर्व भत्ताधारकांना रोख रक्कम देऊच नये, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते सौम्य करून ८० टक्के रक्कम कार्डावर आणि २० टक्के रोख असे प्रमाण ठरविले. इंड्यू या खासगी कंपनीमार्फत चालविले जाणारे ‘कॅशलेस डेबिट कार्ड’ मार्च २०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील सेडूना येथे आणि पाठोपाठ पूर्व किम्बर्लीत सुरू झाले. २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील गोल्डफील्ड्स आणि २०१९ मध्ये क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग व हर्वी बे हे भाग त्यात आले. हे कार्ड बहुतेक दुकानांत चालत असे. मद्य, जुगार आणि रोख रक्कम काढणे यांना बंदी होती. तंबाखूला मात्र नव्हती, म्हणजे कोणते व्यसन शासनाला खटकावे हेही योजनेगणिक बदलत गेले.

सेडूना व किम्बर्ली येथे काही आदिवासी नेत्यांनी मद्यपानाने झालेली हानी पाहून कार्डाला पाठिंबा दिला होता. त्यांच्यापैकी काहींनी आश्वासन दिलेल्या सेवा न मिळाल्याने पुढे तो काढून घेतला. बंडाबर्ग परिसरात कार्डधारक प्रामुख्याने बिगर-आदिवासी होते, आणि तेथूनच देशव्यापी विरोधाला बळ मिळाले. लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये, कार्डामुळे सामाजिक हानी घटली किंवा कसे याचा निष्कर्ष काढणे अवघड असल्याचे म्हटले. २०२२ च्या दुसऱ्या तपासणीतही योजना उद्दिष्टे साध्य करीत असल्याचे संबंधित खात्याला दाखविता आले नाही. दरम्यान, २०२० च्या डिसेंबरमध्ये ही योजना कायमस्वरूपी करण्याचा सरकारचा प्रयत्न सिनेटमध्ये फसला होता आणि केवळ दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली होती. मे २०२२ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने कार्ड रद्द करण्याचे आश्वासन दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये तसा कायदा झाला. त्या वेळी सुमारे १७ हजार व्यक्ती या कार्डाखाली होत्या. मार्च २०२३ मध्ये कार्ड पूर्णतः बंद झाले.

अन्य देश

अशा निर्बंधांचा अवलंब करणारे ऑस्ट्रेलिया हे एकमेव राष्ट्र नव्हे. अमेरिकेतील अन्नसाहाय्य योजनेत मद्य, तंबाखू आणि गरम शिजविलेले अन्न वर्ज्य आहे. त्यामुळे भाजलेली कोंबडी गार असेल तर चालते, गरम असेल तर नाही. गोड शीतपेये वगळण्याची न्यूयॉर्कची विनंती तेथील कृषी खात्याने २०११ मध्ये फेटाळली होती. २०२५ मध्ये त्याच खात्याने धोरण बदलून अनेक राज्यांना तशी परवानगी दिली आणि १ जानेवारी २०२६ पासून पाच राज्यांत तिची अंमलबजावणी सुरू झाली. जर्मनीने २०२४ मध्ये आश्रय मागणाऱ्यांसाठी कार्ड आणले. त्यातून महिन्याला ५० युरोच रोख काढता यावेत, यावर बहुतांश राज्यांचे एकमत झाले. ज्यांच्यावर असे निर्बंध प्रथम लादले जातात ते देशोदेशी निरनिराळे असले, तरी मतपेटीत त्यांचा आवाज क्षीण असतो, हे साम्य नजरेत भरते.

२०२३ नंतर

कॅशलेस डेबिट कार्ड गेले, परंतु नॉर्दर्न टेरिटरीतील सक्ती गेली नाही. मार्च २०२३ पासून तेथे ‘स्मार्टकार्ड’ आणण्यात आले. खासगी कंपनीऐवजी शासकीय यंत्रणेकडे त्याचे काम सोपविण्यात आले. ते बँकेच्या नेहमीच्या कार्डासारखे दिसते, देशभरातील लाखो दुकानांत चालते आणि त्यावरून ऑनलाइन देयकेही भरता येतात. गल्ल्यापाशी होणारी मानहानी त्यामुळे कमी झाली, हे मान्य करावे लागेल. त्या वर्षीच्या कायद्यातही टेरिटरीतील बहुसंख्य धारकांसाठी निम्मा भत्ता रोखण्याचे प्रमाण कायम ठेवण्यात आले. वर्ज्य वस्तूंची यादीही मद्य, तंबाखू, अश्लील साहित्य आणि जुगार अशी, म्हणजे बेसिक्स कार्डाच्या वेळची होती तीच राहिली.